नव्या मशीनवर चालतो, जुन्यावर पडतो: असेंब्ली प्रोग्रॅम नेमका कुठे मरतो ते कसं शोधायचं

असेंब्लीत लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या लॅपटॉपवर मस्त चालतो आणि तोच दुसऱ्या कुणाच्या जुन्या डेस्कटॉपवर टाकला की लगेच पडतो, ही तक्रार नवीन शिकणाऱ्यांकडून कायम येते आणि त्यावर ठरलेला सल्ला मिळतो की मशीन जुनं झालंय, बदलून टाका. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. एक तर आपल्याकडे शिकणाऱ्या पोरांच्या हातात येणारी मशीन बऱ्याचदा सेकंडहँडच असतात, आणि दुसरं म्हणजे प्रोसेसर कुठलाही असो, तो ज्या इन्स्ट्रक्शनवर अडतो तिचा पत्ता अगदी नेमका सांगतो, फक्त आपण तो विचारायचा असतो. पुणे विद्यापीठात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये ज्यांनी नॅसम या असेंबलरवर ६४-बिट प्रोग्रॅम लिहिलेत त्यांना खालचं सगळं सहज जमेल, बाकीच्यांनी जीडीबी हा डीबगर इन्स्टॉल करून सोबत करत चला. मी इथे इंटेल-एएमडीचे प्रोसेसर आणि लिनक्स धरून सांगतोय.

आधी बघा, मेला कसा

प्रोग्रॅम पडला की टर्मिनलवर लगेच "एको डॉलर प्रश्नचिन्ह" टाका आणि आलेला आकडा लिहून ठेवा, मधे दुसरी कुठलीही कमांड चालवू नका नाहीतर आकडा बदलतो. १३२ आला तर तो १२८ अधिक ४, म्हणजे सिगइल, म्हणजे प्रोसेसरला ती इन्स्ट्रक्शन कळलीच नाही. १३९ आला तर १२८ अधिक ११, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. १३६ म्हणजे १२८ अधिक ८, ही बहुतेक वेळा डिव्हची भानगड असते, शून्याने भागलंय किंवा भागाकार रजिस्टरमध्ये मावत नाहीये. विंडोजवर असाल तर एक्सेप्शन कोडचा शेवट बघा, ००१डी असेल तर इल्लीगल इन्स्ट्रक्शन आणि ०००५ असेल तर ॲक्सेस व्हायोलेशन.

१३६ चं इथेच उरकून टाकतो. ६४-बिट डिव्ह करताना भाज्य आरडीएक्स आणि आरएएक्स दोन्ही मिळून बनतो, त्यामुळे आधी आरडीएक्स शून्य करायचं राहिलं तर त्यात जो काही कचरा असेल तो भाज्यात जातो. एका मशीनवर तिथे योगायोगाने शून्य असतं आणि प्रोग्रॅम चालतो, दुसऱ्यावर नसतं आणि पडतो. यात प्रोसेसरच्या वयाचा काही दोष नाही, एक्सऑर ईडीएक्स, ईडीएक्स टाका आणि पुढे चला. खास करून सीपीयूआयडी, म्हणजे प्रोसेसरला त्याचीच माहिती विचारणारी इन्स्ट्रक्शन, वापरल्यावर हे लक्षात ठेवा, कारण ती इन्स्ट्रक्शन ईडीएक्समध्ये आपले फ्लॅग भरून जाते.

मग कर्नलला विचारा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. सुडो लावून डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड, चालवा आणि शेवटच्या ओळी वाचा. तिथे तुमच्या प्रोग्रॅमचं नाव, आयपी म्हणजे कुठल्या पत्त्यावर मेला तो पत्ता आणि कारण लिहिलेलं असतं. "ट्रॅप इनव्हॅलिड ओपकोड" असेल तर इन्स्ट्रक्शन ओळखीची नव्हती. "सेगफॉल्ट ॲट" आणि पुढे पत्ता असेल तर तुम्ही चुकीच्या मेमरीला हात लावलाय. आणि "जनरल प्रोटेक्शन फॉल्ट" असेल तर थांबा, कारण टर्मिनलवर हे सुद्धा सेगमेंटेशन फॉल्ट म्हणूनच दिसतं पण याचं कारण वेगळं असतं, बहुतेक वेळा अलाइनमेंट, म्हणजे पत्त्याला ठरावीक आकड्याने भाग जायला हवा होता आणि जात नाही. टर्मिनलवर एकसारखे दिसणारे दोन क्रॅश इथे वेगळे होतात, म्हणून पॉइंटर तपासत अख्खी रात्र घालवण्याआधी ही एक ओळ वाचा. (जनरल प्रोटेक्शनचं अजून एक कारण म्हणजे पॉइंटरमध्ये पूर्ण कचरा असणं, ६४-बिटच्या वैध पत्त्यांमध्ये बसतच नाही असा पत्ता. पण तो कचरा रजिस्टर बघितलं की लगेच ओळखू येतो.)

आता जीडीबीत नेमकी इन्स्ट्रक्शन बघा

प्रोग्रॅम जीडीबीत उघडा, रन करा, पडला की "एक्स स्लॅश आय डॉलर पीसी" टाका, मेलेली इन्स्ट्रक्शन समोर येईल. त्यानंतर "एक्स स्लॅश १२ एक्सबी डॉलर पीसी" टाकून तिचे बाइट्स बघा, मग "इन्फो रजिस्टर्स" आणि शेवटी "बीटी", म्हणजे बॅकट्रेस, कोण कुणाला बोलावत इथपर्यंत आलं ते. हे चारही आउटपुट एका फाइलमध्ये कॉपी करून ठेवा, कुणाला मदत मागायची वेळ आली तर हेच लागतं, "चालत नाहीये" एवढ्यावर कुणी काही सांगू शकत नाही.

इन्स्ट्रक्शनच्या जागी कंसात "बॅड" आलं तर दोन शक्यता. एक, तुमचा कोड रेट किंवा एक्झिटशिवाय संपला आणि प्रोसेसर सरळ पुढच्या डेटात घुसून तो डेटाच इन्स्ट्रक्शन समजून चालवायला लागला, हे नवीन मुलांचं फार कॉमन आहे आणि नव्या-जुन्या कुठल्याही मशीनवर होतं. दुसरी शक्यता अशी की जुन्या मशीनवरची जीडीबी सुद्धा तेवढीच जुनी आहे आणि तिलाच ती नवी इन्स्ट्रक्शन माहीत नाही, तेव्हा तीच फाइल नव्या मशीनवर नेऊन ऑब्जडम्पने (फाइलमधले बाइट्स परत इन्स्ट्रक्शन करून दाखवणारी कमांड) त्याच पत्त्यावर काय आहे ते बघा.

१३२ आला असेल तर: इन्स्ट्रक्शन कधीची आहे ते काढा

इथे थोडा इतिहास पाठ असला की काम पटकन होतं. एसएसई आणि एव्हीएक्स नावाचे संच म्हणजे एकदम अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या इन्स्ट्रक्शन, पॉपसीएनटी १ असलेले बिट मोजते, एलझेडसीएनटी वरून किती शून्य आहेत ते मोजते, आणि नेहालेम, सँडी ब्रिज, हॅसवेल ही इंटेलच्या प्रोसेसर पिढ्यांची नावं. इंटेलच्या बाजूने एसएसएसई३ कोअर २ बरोबर २००६ ला आलं, एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी नेहालेमबरोबर २००८ ला, एव्हीएक्स सँडी ब्रिजबरोबर २०११ ला, आणि एव्हीएक्स२, एफएमए, बीएमआय१, बीएमआय२, एलझेडसीएनटी हे सगळं एकदम हॅसवेलबरोबर २०१३ ला. एएमडीचं वेळापत्रक वेगळं आहे, फेनमला २००७ मध्येच पॉपसीएनटी आणि एलझेडसीएनटी दोन्ही होते पण एसएसएसई३ नव्हतं, म्हणजे "याच्यात पॉपसीएनटी आहे तर त्याच्या आधीचं सगळं असणारच" हा हिशेब तिथे साफ कोसळतो.

आणि नुसत्या वर्षावर तर अजिबात जाऊ नका. हॅसवेल आणि स्कायलेक काळातले पेंटियम आणि सेलेरॉन नावाने विकलेले डेस्कटॉप प्रोसेसर घ्या, त्यांच्यात एव्हीएक्स बंद ठेवलेलं आहे, त्याच पिढीतल्या आय३ मध्ये मात्र आहे. उलट बाजूचं उदाहरण पण आहे, इंटेलच्या अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-५१२ होतं आणि बाराव्या पिढीत अधिकृतपणे नाही, म्हणजे नवा प्रोसेसर घेतला आणि प्रोग्रॅम पडायला लागला असंही होतं. म्हणून मॉडेलचं नाव बघून अंदाज बांधण्यापेक्षा सरळ प्रॉकमधल्या सीपीयूइन्फो फाइलची फ्लॅग्सची ओळ वाचा. त्यात दोन नावं फसवी आहेत, एलझेडसीएनटी तिथे "एबीएम" नावाने दिसतं आणि एसएसई३ "पीएनआय" नावाने, नाहीतर शोधत बसाल आणि नाहीये असं समजाल.

व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवत असाल तर अजून एक. खालचा प्रोसेसर कितीही नवा असला तरी आतल्या मशीनला व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर दाखवेल तेवढंच दिसतं, क्यूएमयू या सॉफ्टवेअरचा डिफॉल्ट सीपीयू तर एव्हीएक्स दाखवतच नाही. अशा वेळी कोड न बदलता सेटिंगमध्ये सीपीयू "होस्ट" केला, केव्हीएम (खालचा प्रोसेसर थेट वापरू देणारी लिनक्सची सोय) चालू असलं, की बऱ्याचदा प्रश्न मिटतो.

बॅकट्रेसमध्ये मेलेली इन्स्ट्रक्शन तुमच्या असेंब्लीत नसून सोबतच्या सी फाइलमध्ये निघाली तर मेकफाइल उघडा आणि "मार्च इक्वल्स नेटिव्ह" आहे का बघा. याचा अर्थ असतो की ज्या मशीनवर कंपाइल करतोय त्याला जे जे येतं ते सगळं वापर, मग तो कोड जुन्या मशीनवर जाऊन पडणारच. दुसरीकडे द्यायच्या प्रोग्रॅममध्ये हा फ्लॅग ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

३२-बिटच्या खऱ्या जुन्या मशीनवर काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात: सीमूव्ह, म्हणजे अट पाळूनच होणारी मूव्ह, पेंटियम प्रोबरोबर १९९५ ला आली, पण एएमडी के६ वर ती नाही. ३८६ वर सीपीयूआयडी सुद्धा नाही, ती आहे की नाही हे ईफ्लॅग्सचा २१ वा बिट बदलता येतो का यावरून ओळखायचं. आणि ०एफ १एफ ने सुरू होणारे लांब नॉप (काहीच न करणाऱ्या इन्स्ट्रक्शन) पण पेंटियम प्रोपासूनचे आहेत, एएमडीच्या जिओड एलएक्स प्रोसेसरवर ते चालत नाहीत. हे नॉप तुम्ही स्वतः लिहिलेले नसतात, अलाइन करताना असेंबलर मधली जागा भरायला टाकतो, नॅसममध्ये स्मार्टअलाइनचा मोड पी६ ठेवला की हेच येतात, म्हणून जुन्या टार्गेटला मोड जेनेरिक ठेवा.

सगळ्यात वाईट प्रकार: क्रॅश होतच नाही, उत्तर चुकतं

यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण नवीन माणूस इथे हमखास अडकतो आणि कुणी सांगितल्याशिवाय कळणं अवघड असतं.

पॉपसीएनटी जुन्या प्रोसेसरवर सरळ १३२ देऊन पडते, ते बरंच म्हणायचं, निदान कळतं तरी. एलझेडसीएनटी आणि टीझेडसीएनटी मात्र पडत नाहीत. एलझेडसीएनटीचे बाइट्स आहेत एफ३ ०एफ बीडी. यातले ०एफ बीडी म्हणजे ३८६ पासूनची बीएसआर, आणि सुरुवातीचा एफ३ हा रेप प्रीफिक्स, जो जुना प्रोसेसर इथे सरळ दुर्लक्षित करतो. म्हणजे तुम्ही लिहिता एलझेडसीएनटी, आणि जुना प्रोसेसर तक्रार न करता बीएसआर चालवतो. एलझेडसीएनटी सांगते वरून किती शून्य आहेत, बीएसआर सांगते सगळ्यात वरचा १ कितव्या बिटवर आहे, दोन्ही उत्तरं पूर्ण वेगळी.

आकडा घेऊन बघू. इनपुट ४०, त्यातला सगळ्यात वरचा १ हा पाचव्या बिटवर. ३२-बिटमध्ये एलझेडसीएनटीचं उत्तर २६, तुम्ही ३१ मधून वजा करता, ५ येतात, आणि ५ हा इंडेक्स घेऊन दहा नोंदींच्या टेबलमधून पॉइंटर उचलता. जुन्या प्रोसेसरवर त्याच ओळीचं उत्तर ५ येतं, ३१ मधून वजा केले की २६, आणि दहा नोंदींच्या टेबलमधून तुम्ही सव्वीस नंबरची उचलता. तिथे काय असेल ते नशीब. त्या कचऱ्याला पत्ता समजून पुढे दहा-वीस ओळींनी कुठेतरी मेमरी वाचायला गेलात की १३९, आणि जीडीबी दाखवणार एक अगदी साधी मूव्ह, जी १९८५ च्या ३८६ वर पण चालली असती. माणूस त्या मूव्हकडे बघत बसतो आणि चूक तिथे नसतेच.

टीझेडसीएनटीचं दुखणं थोडं सौम्य आहे पण लपून बसतं. ती खालून किती शून्य आहेत ते सांगते, तिचे बाइट्स एफ३ ०एफ बीसी, जुना प्रोसेसर बीएसएफ चालवतो, आणि शून्य सोडून बाकी सगळ्या इनपुटला दोघींचं उत्तर सारखंच येतं. शून्य दिलं की टीझेडसीएनटी ३२ किंवा ६४ देते आणि कॅरी फ्लॅग लावते, बीएसएफ मात्र झिरो फ्लॅग लावते आणि तिच्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे टेस्टिंगमध्ये हजारो इनपुट पास होतात आणि एक शून्य आलं की गेलं, आणि पुढे जेसी ने उडी मारत असाल तर ती पण चुकते.

बरं, हे फक्त फार जुन्या मशीनवर होतं असंही नाही. सँडी ब्रिज आणि आयव्ही ब्रिज, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय३, आय५, आय७, जे सेकंडहँड बाजारात अजून भरपूर फिरतात, त्यांच्यात एव्हीएक्स आहे पण या दोन्ही इन्स्ट्रक्शन नाहीत. एव्हीएक्स चालतंय म्हणून निश्चिंत राहू नका.

तपासायचं कसं? ऑब्जडम्पने अख्खी फाइल उलगडा आणि ग्रेपने एलझेडसीएनटी, टीझेडसीएनटी शोधा, सापडल्या की जीडीबीत त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा, "एसआय" ने एकच पाऊल पुढे जा आणि उत्तर हाताने पडताळा, दोन मिनिटांत निकाल लागतो. उपाय पण सोपा आहे: वरच्या उदाहरणात ३१ मधून वजा करून शेवटी बीएसआरचंच उत्तर काढत होतो, तर सरळ बीएसआरच लिहा आणि शून्याचा केस आधी टेस्ट आणि जेझेडने बाजूला काढा. एलझेडसीएनटीचंच उत्तर हवं असेल तर बीएसआर करून ३१ शी एक्सऑर करा, ६४-बिटला ६३ शी.

१३९ आणि जनरल प्रोटेक्शन: अलाइनमेंट

मेलेली इन्स्ट्रक्शन मूव्हॅप्स किंवा मूव्हडीक्यूए (एकदम १६ बाइट्स हलवणाऱ्या) असेल तर तिच्या मेमरी पत्त्याचा शेवटचा हेक्स आकडा बघा, शून्य नसेल तर कारण सापडलं, या दोघींना १६ ने भाग जाणारा पत्ता लागतो.

नव्या-जुन्याचा संबंध इथे एका वेगळ्याच वाटेने येतो. तुम्ही एव्हीएक्सचा कोड लिहिलात, व्हीपीॲडडी मध्ये सरळ मेमरी ऑपरंड दिला, चाललं. मग जुन्या मशीनसाठी त्याचीच एसएसई आवृत्ती बनवताना सगळे "व्ही" काढून पीॲडडी केलं आणि पडायला लागलं. कारण व्ही-वाल्या एन्कोडिंगमध्ये साध्या मेमरी ऑपरंडला अलाइनमेंटची सक्ती नाही, जुन्या एसएसई एन्कोडिंगमध्ये ती आहे. म्हणून खाली उतरवताना डेटा आधी अलाइनमेंट न मागणाऱ्या मूव्हडीक्यूयू ने रजिस्टरमध्ये घ्या आणि मग बेरीज करा, किंवा डेटा सेक्शनमध्ये "अलाइन १६" आणि बीएसएसमध्ये "अलाइनबी १६" टाका.

क्रॅश प्रिंटएफच्या किंवा दुसऱ्या कुठल्या लायब्ररी फंक्शनच्या आत मूव्हॅप्सवर झाला असेल तर लायब्ररीला दोष देऊ नका, तुमचा स्टॅक बघा. कॉल करण्याच्या क्षणी आरएसपीला १६ ने भाग जायलाच हवा असा लिनक्सचा ६४-बिट नियम आहे. अंडरस्कोअर-स्टार्टमध्ये शिरताना आरएसपी अलाइन असतो, मेनमध्ये शिरताना रिटर्न ॲड्रेसमुळे ८ ने सरकलेला असतो, त्यामुळे मेनमध्ये आधी "सब आरएसपी, ८" किंवा एक पुश आरबीपी लागतो. हा नियम मोडूनही काही मशीनवर चालून जातं कारण लायब्ररीची आवृत्ती वेगळी असते, शिवाय काही फंक्शन ती प्रोसेसर बघून निवडते, आणि सगळ्यांत अशी मूव्हॅप्स असतेच असं नाही.

दुरुस्ती: आधी विचारा, मग वापरा

नवी इन्स्ट्रक्शन वेगासाठी हवीच असेल तर प्रोग्रॅमच्या सुरुवातीला सीपीयूआयडीने विचारायचं आणि त्याप्रमाणे फंक्शनचा पत्ता एका पॉइंटरमध्ये ठेवायचा, नंतर सगळीकडून त्या पॉइंटरवरूनच कॉल. ईएएक्समध्ये १ टाकून सीपीयूआयडी केलं की ईसीएक्समध्ये बिट ९ एसएसएसई३, १९ एसएसई४.१, २० एसएसई४.२ आणि २३ पॉपसीएनटी. ईएएक्समध्ये ७ आणि ईसीएक्समध्ये ० टाकलं की ईबीएक्समध्ये बिट ३ बीएमआय१, ५ एव्हीएक्स२, ८ बीएमआय२. एलझेडसीएनटी वेगळीकडे आहे, चुकून साधा १ विचारू नका, ईएएक्समध्ये हेक्स ८००००००१ लागतो आणि उत्तर ईसीएक्सच्या बिट ५ मध्ये मिळतं.

यात तीन गोष्टी राहून जातात. सात नंबरचं विचारण्याआधी शून्य नंबरचं विचारून ईएएक्समध्ये सात किंवा जास्त येतंय का बघा, नाहीतर जुन्या प्रोसेसरवर भलतंच उत्तर मिळेल. सात विचारताना ईसीएक्स शून्य करायला विसरू नका. आणि सीपीयूआयडी ईबीएक्स पुसून टाकते, आरबीएक्स जपणं ही तुमच्या फंक्शनची जबाबदारी असते, म्हणून आधी पुश आरबीएक्स, नंतर पॉप, नाहीतर क्रॅश टाळायला लिहिलेला कोडच नवा क्रॅश घेऊन येईल.

एव्हीएक्ससाठी नुसता प्रोसेसरचा होकार पुरत नाही, ऑपरेटिंग सिस्टीमने ते मोठे रजिस्टर सेव्ह करायची तयारी ठेवलेली लागते, विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ शिवाय ती नव्हती. म्हणून आधी एक नंबरच्या ईसीएक्समध्ये बिट २७ आणि २८ दोन्ही बघा, दोन्ही असतील तर ईसीएक्स शून्य करून एक्सगेटबीव्ही (ऑपरेटिंग सिस्टीमने कुठले रजिस्टर सांभाळायचं ठरवलंय ते सांगणारी इन्स्ट्रक्शन) चालवा, आणि ईएएक्सचे बिट १ आणि २ दोन्ही लागलेले असतील तरच एव्हीएक्सच्या वाटेला जा.

पर्यायी कोड फार हुशार असायची गरज नाही. पॉपसीएनटीच्या जागी २५६ बाइट्सचं टेबल करा, प्रत्येक बाइटसाठी त्यातले १ किती ते आधीच लिहिलेलं, आणि ३२-बिट आकड्याच्या चार बाइट्सच्या नोंदींची बेरीज करा. आधी बरोबर उत्तर येऊ दे, वेगाचं नंतर बघता येईल.

पुढच्या वेळी असेंबलरलाच पकडू द्या

गॅस, म्हणजे जीएनयूचा असेंबलर, वापरत असाल तर फाइलच्या वर "डॉट आर्च कोअर२" लिहा, मग पॉपसीएनटी किंवा एलझेडसीएनटी टाकलीत की असेंबल करतानाच एरर येईल, मुकाट्याने चुकणारा प्रकार पण इथेच पकडला जातो. नॅसममध्ये यासाठी "सीपीयू" डायरेक्टिव्ह आहे, उदाहरणार्थ ३२-बिट कोडला सीपीयू ३८६ किंवा सीपीयू पी३. नवी इन्स्ट्रक्शन लागणारं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा म्हणजे बाकी सगळ्या फाइलींना हे बंधन लावता येतं.

आणि जुनं मशीन हाताशी नसेल तर इंटेलचा एसडीई नावाचा एम्युलेटर फुकट मिळतो, त्याला मेरोम, पेनरिन (या दोन्ही कोअर २ च्या पिढ्या), नेहालेम, सँडी ब्रिज असं सांगून तुमचा प्रोग्रॅम चालवला की सीपीयूआयडीची उत्तरं त्या प्रोसेसरसारखी येतात. निदान पेनरिन आणि सँडी ब्रिज या दोन्हींवर चालवा, कारण पहिल्यात एव्हीएक्स नसतानाची वाट तपासली जाते आणि दुसऱ्यात एव्हीएक्स आहे पण एव्हीएक्स२ आणि एलझेडसीएनटी नाही ही अर्धवट अवस्था, आणि टेस्टच्या इनपुटमध्ये शून्य, १ आणि सगळे बिट लागलेला आकडा हे तिन्ही न चुकता ठेवा.